मरायचंय का तुला?

काका, तुम्ही जाऊन आता दहा वर्षं होत आली, आणि तुमचंच एक वाक्य परवा माझ्या तोंडात निकामी झालं. हाटकेशला माझा स्वतःचा गाळा आहे, दोन लेथ आहेत. आयटीआयची पायरी न चढता, तुमच्या हाताकडे बघून शिकलो, पण माझ्या मापात आजवर कुणी चूक काढलेली नाही. शिकवताना शब्दही तुमचेच वापरतो. भाईंदरच्या तुमच्या शेडमध्ये एकदा मी जॉब आवळायची चकची चावी चकातच विसरलो आणि स्विचकडे हात नेला. तुम्ही माझं मनगट धरता. "मरायचंय का तुला? मर, पण माझ्या मशीनवर नको, आत्ताच ऑइल बदललंय." सगळी शेड हसते, मी घाबरून दोन पावलं मागे सरतो. मशीन फिरलं असतं तर ती चावी उडून थेट तोंडावर आली असती. त्यानंतर चावी जागेवर टांगल्याशिवाय मी कधी स्विचला हात लावला नाही.

परवा माझ्या लेथवरच्या टर्नरने तीच चूक केली. मराठवाड्यातला, चाळिशीचा, गाळा उघडला तेव्हापासून माझ्याकडे आहे. मी मनगट धरलं आणि तुमचं वाक्य म्हटलं. तो हसला नाही, घाबरलाही नाही. चकाकडे बघत म्हणाला, "काय म्हाईत शेठ. असंल बी."

पुढे काय बोलायचं हे तुम्ही शिकवलं नव्हतं. मेन स्विच बंद केला, त्याला बाहेर नेऊन चहा पाजला. "काय न्हाई शेठ, झोप येत न्हाई," एवढंच बोलला. पगार वेळेवर, खोली स्वतःची, पोरगी अभ्यासात हुशार. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर, "मी काय येडा हाय का?"

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एकाने जीव दिला. तेव्हा मीच जिन्यात उभा राहून ठणकावलं होतं, की आजकालची माणसं काचेची झालीत, पेपर उघडला की रोज हेच, आपल्या वेळी असं नव्हतं. पण हा काचेचा नाही, काका. बायकोचं एवढं मोठं आजारपण ह्याने एकट्याने काढलं. आणि आपल्या वेळी तरी काय? तुमच्या शेडमधला तो पॉलिशवाला खाडीत बुडाला, आपण अपघात म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. अपघातच होता ना? माणूस घाबरतो म्हणून वाचतो, असं मी धरून चाललो होतो. ज्याची भीतीच गेली त्याला कशाने धरायचं, ते मला कळत नाहीय.

त्याला मशीनवरून काढून सध्या मापं तपासायला बसवलंय. आज रविवार म्हणून बायको-पोरीसकट जेवायला बोलावलं. जेवणं झाली, बाहेर त्याची आणि माझी पोरगी कॅरम खेळतायत, तो बाजूला बसून बघतोय. आमची ही मघाशी आत डोकावून गेली, "अहो, माणसाला घरी बोलावून तुम्ही इथे काय लिहीत बसलात?" हे पत्र कुठे टाकायचं नाही, ठाऊक आहे. त्याच्याशेजारी जाऊन बसायचंय, पुन्हा नीट विचारायचंय. पण त्याने खरं सांगितलं तर मला ते पेलेल की नाही, याची खात्री नाही, काका. म्हणून इथेच लिहीत बसलोय.