माझी जागा त्या उतारावर

धाकटे, तुझा गुडघा कसा आहे? भाच्याचा खोकला थांबला का? बिशपसाहेबांचा रक्तदाब उतरला असेल, तर हे वाचून पुन्हा चढेल. गोळी घेऊनच बसावं. माझं काळीज थकलंय, डोकं मात्र ठिकाणावर आहे, तसं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय. मी, या चर्चचा पाद्री, शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं चर्चने शिकवलेलं, कुणाच्या दडपणाखाली नव्हे, राजीखुशीने आणि रागाने हे मृत्युपत्र लिहितो.

१. घर चर्चचं, त्यावर माझा हक्क नाही. रंधा, करवत, पटाशी भाच्याला. पटाशीने डबे उघडलेस तर वर येऊन कान पिळीन.

२. लोकरीचा कोट धाकट्या बहिणीला. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

३. खाणीच्या साहेबांना काही नाही. आदिवासी ज्या उतारावर आपली माणसं पुरतात, तिथे त्यांना खाण खणायची आहे. हे लोक वर दगड ठेवत नाहीत, गवत येऊ देतात. साहेबांनी बूट आपटून विचारलं, "कुठंय दफनभूमी? एक तरी दगड दाखवा!" त्यांच्यातली म्हातारी आजी म्हणाली, "साहेब, तुम्ही माझ्या लेकीवर उभे आहात." साहेब हसले. जन्मभर लोकांना सांगितलं, क्षमा करा. ते हसणं मला माफ करता आलेलं नाही. देव काय ते बघून घेईल.

४. बिशपसाहेब, तीनदा तुमचे उंबरे झिजवले. तुम्ही म्हणालात, "फादर, आपण आत्मे सांभाळावेत, जमिनी नव्हे." अहो, ज्यांची मेलेली माणसंही उकरली जातात, त्यांचे आत्मे ठेवू कुठे? खिशात?

५. म्हणून माझं दफन त्याच उतारावर व्हावं. आजीला विचारलं. ती म्हणाली, "जागा देते, पण दगड नाही ठेवायचा. आमच्यात येतोस, तर आमच्यासारखा झोप." कबूल. क्रूससुद्धा नको, चर्चच्या दफनवहीत नोंद तेवढी करावी. आपल्या नियमाप्रमाणे पाद्र्याला उकरायला बिशपची लेखी परवानगी लागते. आदिवासींच्या पिढ्यान्‌पिढ्या कुणी मोजल्या नाहीत, आणि माझं एकट्याचं मढं मोजलं जाणार! अंगाची लाही लाही होते. पण असा अन्याय आहेच, तर तो निदान त्यांच्या कामी येऊ दे. खाणवाले कागद घेऊन तुमच्या दारी येतील. सही करा नाहीतर करू नका. दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही.

सही: पाद्री
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), उतारावरची आजी (डावा अंगठा)
ठिकाण: चर्चमागची खोली
तारीख: टपालाच्या शिक्क्यावर आहे ती

ता. क. बिशपसाहेब, तिथे दफन करू देणार की नाही, ते लेखी आणि लवकर कळवा. आजी कालच माझी उंची मोजून गेली.