गेंड्याचे हावभाव

३ मार्च, सकाळ

हास्यकुलावतंस, विडंबनवाचस्पती, दांभिकदर्पहरण, तीन अप्रकाशित नाटकांचे जनक, प्रौढांसाठीच्या अ‍ॅनिमेशन मालिकेचे सहलेखक (तूर्त), अर्थात अस्मादिक, यांनी आज स्वहस्ते ही रोजनिशी आरंभिली आहे. पेन पहिल्याच ओळीत अडले. शुभशकुन मानतो.

संकल्प एकच. नमुन्याचा भाग चॅनलच्या साहेबांना पसंत पडला की मालिका मंजूर, आणि मी मुख्य लेखक. पडद्यावर नाव एकट्याचे, ठळक टायपात.

गंमत ही की, मालिकेतील सोसायटीचा अध्यक्ष, जो पाणी पिण्यापूर्वीही भाषण करतो तो गेंडा, म्हणजे साक्षात साहेब. साहेबांच्याच खर्चाने साहेबांचे विडंबन! दिग्दर्शिका म्हणाली, सर, त्यांनी ओळखलं तर? मी तर्जनी उंचावून सांगितले की दांभिक मनुष्यास स्वतःची टिंगल कधीच कळत नाही. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, खरंय, सर. आदर होता नजरेत.

५ मार्च

अ‍ॅनिमेशनमध्ये आधी आवाज, मागाहून चित्र. नट अद्याप ठरलेला नाही. सबब गेंड्याचे संवाद तात्पुरते मी म्हणावेत अशी विनंती आली. आढेवेढे घेऊन तत्काळ स्वीकारली. समोर कॅमेराही होता. बोलताना हात, मान, चष्मा कसे हलतात ते चित्रकारांना हवे आहे, म्हणे. मी काय ते समजलो: माझ्यावर माहितीपट निघतो आहे, आणि मला आगाऊ कळू द्यायचे नाही. म्हणून संवाद संपल्यावर उपहासाच्या सामाजिक प्रयोजनावर थोडे अधिक बोललो. कोणी अडवले नाही. एका चित्रकाराच्या तर डोळ्यांत पाणी आले.

घरी सांगितले. ही म्हणाली, तुमचं शूटिंग केलं? मुद्दाम? असूया कोणाच्याही घरात शिरू शकते.

१० मार्च

चित्त अस्वस्थ. सकाळपासून कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या. शिपाई म्हणाला, साहेब, एका जागी बसा, आत्ताच फरशी पुसलीय.

कच्ची चित्रे पाहिली. गेंडा बोलण्यापूर्वी दोनदा खाकरतो आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतो. चित्रकारांनी साहेबांचे काय सूक्ष्म निरीक्षण केले आहे! साहेब चष्मा लावत नाहीत, ही बाब अलाहिदा. चित्रकारास विचारले. तो म्हणाला, तेवढं स्वातंत्र्य घेतलंय, काका.

काका! सहलेखकास! क्षमा केली.

१२ मार्च

घोर अनर्थ. नागरिकांच्या कर्तव्यांवरील गेंड्याचे माझे दोन पानी स्वगत दिग्दर्शिकेने उडवले. ठेवले काय? रेकॉर्डिंगच्या मध्ये मी सहज बोललो होतो ते: खुर्ची जरा पुढे घ्या, नको, मागे, नको, राहू द्या, मीच सरकतो. हे लेखन नव्हे, असे निक्षून सांगितले. ती म्हणाली, सर, सगळ्यात जास्त हशा त्यालाच आहे.

संकल्प: शब्दाशब्दासाठी लढेन. उद्या. आज जेवण जड झाले आहे.

१३ मार्च

दिग्दर्शिका रजेवर. लढाई स्थगित.

१७ मार्च, दुपार

विजय! साहेबांनी नमुना पाहिला. घरच्यांनाही आमंत्रण होते. ही आणि मेहुणा मागच्या रांगेत. गेंडा खाकरताच साहेब हसू लागले, ते थेट खुर्चीवरून घसरेपर्यंत. म्हणाले, अरे, या माणसाला मी ओळखतो! आणि मान वळवून त्यांनी चक्क मला डोळा मारला. सत्ताधीशास आत्मज्ञान करवणे हेच विडंबनाचे परमोच्च कार्य. मालिका मंजूर.

हिने मात्र तोंडात रुमाल कोंबला होता. मेहुणा म्हणाला, भाऊजी, यापुढे तुम्ही खाकरलात की मला शिंगच दिसणार. त्याचा विनोद नेहमीच प्राथमिक पातळीवरचा.

तीच तारीख, संध्याकाळ

चैन पडेना. हिला सहज विचारले की तुझ्या मते तो गेंडा कोण? ही म्हणाली, आधी तो चष्मा पुसायचं थांबवा, मग सांगते.

शर्टाचे टोक हातातच राहिले.

१८ मार्च

दिवसभर खाकरलो नाही. घसा दुखतो आहे.

२० मार्च

साहेबांनी बोलावले. मुख्य लेखकपद माझ्या शेजारी बसणाऱ्या, दिवसातून चार वाक्ये बोलणाऱ्या सहलेखिकेस मिळाले. माझ्यासाठी स्वतंत्र पद निर्माण करण्यात आले आहे: हावभाव सल्लागार. लिहायचे काही नाही. रोज कॅमेऱ्यासमोर बसायचे आणि मनात येईल ते बोलायचे. हे पद यापूर्वी कोणीही भूषविलेले नाही, असे घरी सांगितले. ही म्हणाली, घरी तर तुम्ही ते फुकटच भूषवत होता.

राजीनामा द्यावा असे तीव्रतेने वाटले. मसुद्याचा पहिला परिच्छेद उत्कृष्ट उतरला. साहेबांना वाचून दाखवला. त्यांनी तो तसाच गेंड्याच्या तोंडी घातला.

२४ मार्च

नव्या पदावर रुजू. रेकॉर्डिंगच्या खोलीला खिडकी नाही. डोक्यावरच्या दिव्याने टाळू भाजून निघते. पंखा मागितला, तर ध्वनिमुद्रक म्हणतो, त्याची घरघर माइकमध्ये येते. मानेचा घाम टिपत मी ही तक्रार सविस्तर, मुद्देसूद मांडली. काचेपलीकडून दिग्दर्शिका म्हणाली, झकास, सर! हेच पुन्हा एकदा, घाम जरा सावकाश पुसा.

पुन्हा मांडली. पंख्याचे कोणी काही बोलत नाही.