बाहेर घेतलेली शिवण

बाबा, हे तुम्ही असताना सांगायचं होतं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज रविवारी सकाळी, जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखच्या घरात चहा निवत ठेवून मी लिहायला बसले आहे.

मालवणच्या शेडमध्ये तुम्ही मासळीच्या पेट्यांसाठी फोम कापायचात. एका मे महिन्यात उरलेल्या तुकड्याची तुम्ही माझ्यासाठी फळी केलीत, पोटावर झोपून लाटेवरून घसरत यायला. पहिली पाणी पिऊन जड झाली, दुसरी मधोमध दुमडली. तिसरीला तुम्ही खालून गुळगुळीत प्लास्टिक चिकटवलंत आणि मी थेट वाळूपर्यंत आले. किनाऱ्यावरचे पर्यटक विचारायला लागले, "कुठे मिळते ही?" दोन वर्षांत गोव्यातली दुकानं फळ्या मागवू लागली आणि पेट्यांचं काम तुम्ही बंदच केलंत. फळी सुटू नये म्हणून मनगटाला पट्टा असायचा. खाऱ्या पाण्यात त्याच्या शिवणीने माझं मनगट सोलवटलं. "रडतेस काय, नेमकं कुठे घासतंय ते दाखव," असं रागावून तुम्ही मशीनवर बसलात आणि पट्टा उलटा करून शिवलात. शिवण बाहेर, आत नुसतं मऊ कापड. त्यानंतर तुमच्या प्रत्येक फळीचा पट्टा तसाच असायचा.

मी काम करते त्या इथल्या खेळसाहित्याच्या कंपनीत आमची पहिली फळी बाजारात यायची होती आणि चाचणीत सगळ्यांची मनगटं लाल होत होती. मीटिंगमध्ये मी पट्टा उलटा करून दाखवला. "गेनाऊ, अगदी बरोबर, हेच हवं होतं," बॉस म्हणाला. "तुला सुचलं?" मी "या" म्हटलं, जर्मनमध्ये हो. एका शब्दात काम झालं. पेटंटच्या फॉर्मवर शोध लावणाऱ्याचा रकाना होता, तिथे मी माझं एकटीचं नाव लिहिलं.

त्या वर्षी ती फळी मी तुमच्यासाठी घेऊन आले. तुम्ही खुर्चीत बसला आहात. फळीकडे बघतही नाही, पट्ट्यात बोट घालून आतून फिरवता. "शिवण बाहेर घेतली आहे," म्हणता. "कोणाला सुचलं?"

"आमच्या टीमला, बाबा."

"बरं केलं त्यांनी," एवढंच तुम्ही म्हणालात आणि फळी भिंतीला टेकवून ठेवलीत. जेवताना माझ्या ताटात स्वतःच्या हाताने माशाची तुकडी वाढलीत. तुम्ही रागावाल म्हणून मी आठवडाभर वाट पाहिली. तुम्ही रागावला नाहीत. पुढच्या जानेवारीत तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात कंपनीच्या मासिकाने या पट्ट्याची गोष्ट मागितली. मी तुमच्या शेडपासून सुरुवात केली, पानभर लिहिलंही. मग वाटलं, इतकी वर्षं का सांगितलं नाही, असं विचारतील. सगळं पुसलं आणि चाचणीबद्दल लिहिलं. हे पत्रही मी कुणाला दाखवणार नाही. परवा अंक आला. माझा फोटो चांगला आला आहे, बाबा. मी दोन जादा प्रती मागून घेतल्या.