कच्च्या सिमेंटवरचे दात

१४ मार्च

प्रिय दादा,

मनापासून नमस्कार. इकडे आम्ही ठणठणीत आहोत, तूही असशील असं धरून चालते. आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई त्याच्यापेक्षा जास्त. फोन सोडून पत्र का, तर फोनवर 'बाबा' हा शब्द आला की तुझी रेंज हमखास जाते. कागदाची जात नाही. तेव्हा बस आणि वाच.

दादा, बाबांना दात आले!

अपघाताचं आईने तुला कळवलं असेल, पण नीट सांगितलं नसेल. गाडी शिकायला आलेल्या एका बाईंनी भर चौकात क्लचऐवजी ब्रेक दाबला आणि बाबांचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं. जन्मभर लोकांना 'आधी पट्टा!' म्हणून ओरडणाऱ्या माणसाने आरसा सरळ करायला नेमका स्वतःचा पट्टा सोडला होता. वरचे समोरचे दोन दात गेले. हसू नकोस. मी हसले होते, तर आईने डोळे वटारले.

नंतर हसण्यासारखं काही उरलंच नाही. 'सावकाश, सरळ घे, सोड, सोड!' बाबांचा अख्खा धंदा 'स'वर चालतो, आणि त्यांच्या प्रत्येक 'स'ची शिट्टी व्हायला लागली. कॉलेजातली एक मुलगी स्टिअरिंग धरल्या धरल्या फिसकन हसली. त्या दिवशी बाबांनी किल्ली खुंटीला लावली आणि तोंडाला कुलूप. जेवायलासुद्धा भिंतीकडे तोंड करून बसायचे. आईने हातपाय गाळले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ब्रिज करू. म्हणजे गेलेल्या दोघांच्या शेजारचे दात कोरायचे, त्यांच्यावर कॅप बसवायच्या आणि मधले दोन त्या कॅपना जोडायचे. चार दातांचा एकच तुकडा. तो घडवणार आमचीच लॅब, मग मी त्या कामाला दुसऱ्या कुणाला हात लावू देते होय! इतकी वर्षं अनोळखी माणसांचे दात घडवतेय, त्यांची तोंडंही मला कधी दिसत नाहीत. इथे साक्षात माझा बाप. रंग जुळवायला त्यांना खिडकीशी उजेडात बसवलं तर म्हणाले, "पांढरेशुभ्र नकोत हं. मी काय जाहिरातीतला आहे?" दात पडल्यापासून एवढं मोठं वाक्य पहिल्यांदा बोलले. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

पण आकार कुठून आणायचा? बाबांचे दात दिसतात असा एक फोटो घरात नाही. प्रत्येक फोटोत ओठ मिटून, लायसन्सवर असल्यासारखे. आईला विचारलं तर म्हणाली, "चांगलेच होते की!" यावरून काय दात घडवायचे, कपाळ?

आता जे सांगायला धजत नव्हते ते सांगते. आठवतंय, शिकत असताना मला मापं घ्यायचा सराव करायला कुणाचं तरी तोंड हवं होतं आणि तू तुझं दिलंस? तो गार लगदा तोंडात धरून ओकाऱ्या काढत घरभर नाचलास? त्याचा प्लास्टरचा साचा माझ्या कपाटात आहे. तू घर सोडून गेल्यावर टाकवला नाही. तुझा समोरचा डावा दात उजव्यावर किंचित चढलेला, हुबेहूब बाबांसारखा, असं आजी नेहमी म्हणायची. मी तो साचा पुढ्यात ठेवला आणि त्यावरून बाबांचे दात घडवले. कुणालाही विचारलं नाही.

दात भट्टीत होते तेव्हा मी सारखी घड्याळ बघत होते. बाबांनी ओळखलं तर? काढून भिरकावले तर? 'जन्मभर बाजूच्या सीटवर बसून दुसऱ्यांसाठी ब्रेक मारायचे नाहीत मला' हे तू जेवता जेवता बोललास आणि निघून गेलास. ते वाक्य बाबांच्या घशाखाली अजून उतरलेलं नाही. तुझं नाव निघालं की उठून जातात. आणि पानावरून उठले की ते तसेच उपाशी झोपतात, हे तुला कुणी कधी सांगितलं नाही. मीही नाही.

मंगळवारी ब्रिज बसवला. आधी कच्च्या सिमेंटने बसवतात, थोडे दिवस वापरून बघायला. मग पक्का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोला काहीतरी."

"सावकाश," बाबा म्हणाले. शिट्टी नाही! "सरळ. सोड. अहो, सोडा म्हणतो ना!" बाहेर बसलेले पेशंट दचकले. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

मग बाबांनी आरसा मागितला. ओठ वर करून पाहिलं, पुन्हा पाहिलं. माझा जीव टांगणीला. "हा चढलेला दात नको असेल तर सरळ करून घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"खबरदार!" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "हे त्याचे आहेत ना?"

मी म्हटलं, "हो."

घरी येताना गाडी त्यांनीच चालवली. सिग्नलला थांबून आरशात ओठ उचलून बघत बसले, दिवा हिरवा झाला, मागचा हॉर्न मारून दमला, तरी हलेनात! आता जेवायला आमच्यात बसतात, आणि उद्यापासून शिकवायला जाणार आहेत. मला इतका आनंद झालाय की अक्षर बघ कसं सैरावैरा धावतंय.

पण एक अडलंय. पुढच्या शनिवारी ब्रिज पक्का करायचा, तर बाबा नाही म्हणतात. "दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय पक्की बसवायची नसते. विचार त्याला. आणि हरकत असेल तर फोनवर नको, पत्रात नको. समोर येऊन सांगू दे." एवढं बोलून आत गेले आणि आईला विचारायला लागले, त्याच्या खोलीतला पंखा चालतो का म्हणून.

दादा, माझं एवढं ऐक. हरकत घे. चांगली कडाडून घे.

तुझ्या हरकतीकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी