नकाशा धरण्याचा मान

सर, आज नववीला फ्रान्सचा राजा शिकवला आणि तुमच्यावरचा जुना राग वर आला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तो काही जात नाही. तुम्ही सांगायचात, व्हर्सायच्या महालात राजा सकाळी उठला की त्याच्या हाती सदरा कुणी द्यायचा यावरून मोठमोठे सरदार एकमेकांवर जळायचे. राजा गालातल्या गालात हसायचा, कारण सदऱ्याच्या नादात बंड करायला कुणाला सवडच उरायची नाही. आज मीही तेच सांगितलं, वर्ग खो खो हसला. मला हसू आलं नाही. आपल्या भोरच्या शाळेत तुमचा युरोपचा नकाशा ऑफिसातून वर्गात न्यायचा मान आठवीत वर्षभर माझा होता, आणि नववीत तुम्ही तो हिर्डोशीहून येणाऱ्या नव्या मुलीला देऊन टाकलात. मला कारणसुद्धा सांगितलं नाहीत.

आमचं घर शाळेच्या मागेच. मी प्रार्थनेच्या आधीच हजर. ती प्रार्थना संपल्यावर धापा टाकत यायची, "सर, यष्टीच लई उशिरा आली," म्हणायची, आणि तुम्ही ऑफिसच्या दारात नकाशाची दोरी गुंडाळत उभे असायचात. मग तुम्ही पुढे, नकाशा घेऊन ती मागे. तिचा तो तोरा मला बघवायचा नाही.

म्हणून एका सकाळी मी नकाशा प्रयोगशाळेच्या कपाटामागे सरकवून ठेवला. तुम्ही खूप शोधलात, शेवटी रिकाम्या हाताने वर्गावर आलात आणि खडूने फळ्यावर फ्रान्स, स्पेन काढलेत. ती आली तेव्हा हेडमास्तरांनी तिला वर्गांच्या पायरीवरच अडवलं. उशिरा येणाऱ्याने तास संपेपर्यंत बाहेर, हा त्यांचा नियम. मी खूश. तुम्ही फ्रान्सच्या बूर्बाँ आणि स्पेनच्या हॅब्सबर्ग घराण्यांचं वैर सांगत होतात. "भावकीच ती, पोरांनो. आपसात सोयरिकी करायच्या अन् पुन्हा भांडायचं. बांध तेवढा युरोपाएवढा." मग विचारलंत, हॅब्सबर्गांचा स्पेनमधला शेवटचा राजा निपुत्रिक मेला, गादी कुणाकडं गेली? मी हात वर करेपर्यंत खिडकीबाहेरून आवाज आला, "फ्रान्सच्या राजाच्या नातवाकडं, सर!" तुम्ही खिडकीशी गेलात आणि म्हणालात, "शाब्बास गं." ते शाब्बास मला अजून टोचतं. तुमच्या दहाव्यालाही ती माझ्याआधी पोचली होती.

आज ऑफिसच्या त्याच दारातून मी नकाशा घेऊन निघाले होते. प्रार्थना संपून गेलेली. हिर्डोशीची एक मुलगी धावत आली. "बाई, यष्टी वाटंतच बंद पडली. मी चालत आले." पायरीवर आताचे हेडमास्तर घड्याळ बघत उभे. नियम तोच. शिक्षकांचं सामान घेऊन येणाऱ्याला मात्र तेव्हाही कुणी अडवत नव्हतं, आताही नाही. तुम्ही ती दोरी इतका वेळ का गुंडाळत राहायचात, ते मला आज कळलं, सर. इतकी वर्षं लागली.

नकाशा मीच लपवला होता. हे सांगायलाच लिहायला बसले, आणि आता हा कागद वहीतच राहणार. कारण कळल्यावर जळणं थांबायला हवं होतं. मी नकाशा त्या मुलीच्या हातात दिला खरा, पण माझी बोटं सुटेनात. शेवटी तिनेच तो हळूच ओढून घेतला.