पुढची ओसरी थोरल्या पातीत, चूल धाकट्या पातीत

श्री

मी, शालिग्राम बिन मल्हारजी खटावकर, वय वर्षे एकसष्ट, धंदा पगड्या बांधणे, राहणार देवास, आज हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो की, मी पूर्ण शुद्धीवर आहे, भांग घेतलेली नाही, ताप नाही, कोणी धाक दाखवलेला नाही, आणि मरण्याचा सध्या माझा बिलकुल विचार नाही. उलट आजच्याइतका जिवंत मी गेल्या तेवीस वर्षांत नव्हतो! मोरोपंत कारकून मी सांगतो तसे लिहून घेत आहेत. ते म्हणतात, इतके हसत कोणी मृत्युपत्र सांगत नाही. मी म्हटले, लिहा हो. ज्याच्यापाशी मागे ठेवायला काही असते तोच मृत्युपत्र करतो, आणि मजपाशी आज सकाळी दहा वाजल्यापासून घर आहे.

कलम पहिले, तेच घर. देवास हे गाव एक आणि राज्ये दोन, हे इथे पोरासोरांना ठाऊक आहे. पण कागद उद्या परगावच्या कोणाच्या हाती पडेल म्हणून खुलासा करतो. थोरली पाती आणि धाकटी पाती यांची हद्द आमच्या आळीत माझ्या घरातूनच जाते. पुढची ओसरी आणि दुकानाची खोली थोरल्या पातीत. माजघराचा उंबरा ओलांडला की धाकटी पाती. म्हणजे चूल, आड आणि परसदार तिकडे. जेवतो एका राज्यात आणि हात पुसत बाहेर येतो तो दुसऱ्या राज्यात. जागा मी घेतली, घर मी बांधले, एकंदर खर्च चारशे रुपये. वडिलार्जित त्यात एक वीटही नाही, हे माझा पुतण्या मानसिंगराव, राहणार पीपलरावां, याने डोळे उघडून वाचावे.

हे घर मी माझी सून सीता हिला देतो. माझा एकुलता मुलगा विठोजी प्लेगात गेला, त्याची ती बायको. मी मेल्यावर तिला कोणी 'ऊठ' म्हणता कामा नये. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, बाकीची कलमे झाली तर झाली. मानसिंगरावाने विठोजीच्या तेराव्या दिवशी, पान वाढलेले असताना, मला सांगितले होते, "काका, वहिनीला अमझेऱ्याला तिच्या माहेरी धाडून द्या. घर मी बघतो न." नऊ वर्षे तो घर बघतोच आहे. दर खेपेला आला की भिंत ठोकून पाहतो.

आता हे घर गेले कसे आणि आले कसे, ते मोरोपंत नको म्हणत असतानाही लिहवतो. मुलगी मालन हिचे लग्न धारला नारायणरावांशी ठरले. नारायणरावांना चांदीचे तबक हवे होते. मी दरबारी माणसांच्या डोक्यांना पगड्या बांधणारा. माझ्या मुलीच्या लग्नात तबक पितळेचे कसे चालेल? गेंदालाल शेठजींकडे पुढची ओसरी आणि दुकान गहाण टाकून तीनशे घेतले, दरमहा शेकडा दीड रुपया व्याजाने. तीन वर्षांनी ते व्याज थकले. तेव्हा मला जी अक्कल सुचली ती देवासच्या माणसालाच सुचावी! म्हटले, शेठजींचा कागद थोरल्या पातीचा. चुलीकडची बाजू तर धाकट्या पातीत मोकळीच आहे. तिकडच्या हरकचंद शेठजींकडे ती गहाण टाकली, दोनशे घेतले, व्याज शेकडा दोन. याचे घेऊन त्याला द्यायचे. दोन राज्ये, दोन सावकार, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही! दोन वर्षे मी मिशीला पीळ देत हिंडलो. मग एका लग्नात दोघे एका पंगतीला बसलेले दिसले. ते सख्खे साडू निघाले.

शेठजी माणूस वाईट नव्हते. गेंदालालजी एवढेच म्हणाले, "देखो भिया, ब्याज तो आज नहीं तो कल आ जाएगा, पर मूलधन को तो तुमने हाथ ही नहीं लगाया." आणि त्यांनी कागदात होते त्याप्रमाणे दुकानाचा ताबा घेऊन आत सरकी भरली. ओसरीचा मोठा दरवाजा आतून-बाहेरून बंद. त्या दिवसापासून आम्ही परसदाराने ये-जा करू लागलो. पगड्या मी चुलीशेजारी बांधायला लागलो. एका सरदारसाहेबांनी पगडी परत पाठवली, कारण दरबारात मुजरा करताना तिला लसणाच्या फोडणीचा वास आला! माझी बायको यमुनाबाई ते ऐकून हसली होती आणि मग रडली होती. ती ओसरी पुन्हा न बघताच गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

विठोजी गेल्यावर दोन महिन्यांनी सीता मला म्हणाली, "मामंजी, कागद दाखवा." तिचे वडील अमझेऱ्याला पंतोजी, तेव्हा तिला वाचता येते. मी रागावलो. सुनेने सासऱ्याचे कर्ज वाचायचे म्हणजे काय! तिने कागदांचा डबा घेतला आणि वाचले. मग विचारले, "चौदा वर्षं भरलंत त्याच्या पावत्या कुठं आहेत?" पावत्या नव्हत्या. दिवाळीला जे हातात असेल ते शेठजींच्या गादीवर ठेवायचे, पान खायचे आणि उठायचे, हा माझा रिवाज होता. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही पान विकत घेत होतात."

माझ्या मागे जे राहतील त्यांच्यासाठी सीतेच्या रीती इथे नमूद करतो. पावतीशिवाय पैसा हातातून सोडायचा नाही, समोर देव बसलेला असला तरी. दोन कर्जे असतील तर ज्याचे व्याज जड ते आधी फेडायचे, मग ती रक्कम लहान असो की मोठी. म्हणून हरकचंदजींचे आधी आणि गेंदालालजींचे मागून. व्याजाबरोबर मुद्दलातला एखादा रुपया तरी दर महिन्याला द्यायचाच, आणि तो मुद्दलातच जमा झाला असे तिथल्या तिथे लिहवून घ्यायचे. एक कर्ज दुसऱ्याने फेडायचे नाही. मी हे सांगतो आहे म्हणून मोरोपंत हसत आहेत. हसा.

आणि मदत मिळत असेल तर मागायची. विधवांना दरबारातून महिना तीन रुपये परवरिश मिळे. मी म्हटले, खटावकरांची सून अर्ज करणार नाही. तिने केला! चूल धाकट्या पातीत आहे, मी चुलीपाशी राहते, असे लिहून धाकट्या पातीच्या कचेरीत अर्ज दिला आणि चार महिन्यांनी मंजूर करून आणला. मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी त्या तीन रुपयांतल्या दोहोंची पावती तिने माझ्या ताटाशेजारी ठेवली. मग बोललो.

त्याहून मोठा तंटा पगड्यांवरून झाला. पगडी ही माणसाच्या डोक्याच्या मापाने बांधायची चीज. सीता म्हणाली, लग्नाच्या वऱ्हाडाला दोन दिवसांसाठी पगड्या लागतात, बांधून तयार ठेवा आणि भाड्याने द्या, नगास आठ आणे. भाड्याने! मी तिला म्हणालो, "उद्या डोकीपण भाड्यानं दे." ती म्हणाली, "डोकी त्यांची, पगड्या आपल्या." पहिल्या वर्षी दहा पगड्या होत्या. आज चौसष्ट आहेत, आणि लग्नसराईत गंधवानीपासून माणसे बैलगाडी घेऊन येतात. हल्ली मला लोक पगडीवाले आजोबा म्हणतात आणि भाडे सीतेच्या हातात देतात.

आणि आज! आज सकाळी गेंदालालजींनी शेवटचे सात रुपये घेतले, गहाणखत फाडून माझ्या हातात दिले आणि स्वतः पेढा भरवला. सरकी हलली, कुलूप निघाले, ओसरीचा दरवाजा उघडला. सतरा वर्षांनी मी माझ्या घरात पुढच्या दाराने शिरलो. तीनदा बाहेर गेलो आणि तीनदा आत आलो. मग आळीत पेढे वाटले, दोन्ही पात्यांत सारखे. मग मोरोपंतांना बोलावले.

कलम दुसरे. पगडीचे लाकडी ठोकळे, कात्र्या आणि सुया सीतेला. ज्या चौसष्ट पगड्या आहेत त्या तिच्याच.

कलम तिसरे. फाटलेले गहाणखत, दोन्ही तुकडे, जावई नारायणराव यांना. ते त्यांनी चांदीच्या तबकात ठेवावे. मालनवर माझा राग नाही. तिला यमुनाबाईची मोत्यांची कुडी द्यावी, ती मी कधी गहाण टाकली नाही.

कलम चौथे. शिल्लक रोख एकतीस रुपये. त्यात माझे दिवस करावे. तेराव्याला गावजेवण घालू नये. कर्ज काढून तर खासच नको, नाहीतर वरून उठून येईन. मानसिंगरावाकडे माझे चौदा रुपये येणे आहेत, ते मी सोडून देतो. मात्र त्याने ओसरीची भिंत पुन्हा ठोकू नये.

इथपर्यंत वाचून दाखवल्यावर मी सही करायला हात पुढे केला. शेजारचे विश्वासराव आणि तात्यासाहेब साक्षीला बसलेच होते. इतक्यात माजघराच्या दाराआडून, म्हणजे धाकट्या पातीतून, सीतेचा आवाज आला. पुढे जे झाले तेही लिहा, असे मी मोरोपंतांना बजावले आहे.

सीता म्हणाली, "मामंजी, पहिलं कलम बराबर नाही."

मी म्हटले, "अगं, सगळं घर तुला दिलं! आणखी काय पाहिजे?"

"तेच तर. 'दिलं' लिहू नका. दिलं म्हटलं की मानसिंगभावजी उद्या दोन्ही कचेऱ्यांत अर्ज करतील, की म्हाताऱ्याला भुलवून लिहून घेतलं. दिलेलं मोडता येतं." आणि तिने उंबऱ्यावरून एक कापडी बासन अलीकडे सरकवले. आत नऊ वर्षांच्या पावत्या होत्या, सुतळीत ओवलेल्या.

मोरोपंतांनी त्या मांडल्या. एकंदर भरणा नऊशे अठ्ठ्याण्णव रुपये. त्यात माझ्या हस्ते एकशे एक्कावन्न. सीतेच्या हस्ते आठशे सत्तेचाळीस.

मोरोपंत चष्मा वर करून म्हणाले, "घर बांधलं चारशेत, कर्ज चढवलं पाचशे. शालिग्रामजी, तुमचं होतं ते तुम्ही केव्हाच खाऊन बसला होता. हे घर या बाईंनी सावकाराकडून विकत घेतलं आहे. मृत्युपत्र कशाला, रक्कम पोचली असं म्हणून खरेदीखत करा. ते मोडायला कोणाचा बाप येत नाही."

मला राग आला. खोटे का सांगू, पुष्कळ आला. मी ओरडलो, "अगं, आजचा एक दिवस तरी मला घरमालक राहू दे!"

ती दाराआडून म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला होता, "मामंजी, तुम्ही गेल्यावर मला इथं कोण आहे? तुमच्या मेहेरबानीवर राहिले, असं मला म्हणायचं नाही. माझ्या हक्कावर राहिले, असं म्हणायचंय."

माझा राग गेला. नऊ वर्षे ती माझ्या घरात राहते असे मी समजत होतो, आणि खरे म्हणजे मी तिच्या घरात राहत होतो. हे कळायला मला आजचा दिवस लागला याची लाज वाटते, आणि अशी सून मिळाली याचा आनंद इतका वाटतो की पेढे पुन्हा वाटावेसे वाटतात. दोन्ही पात्यांत, मोरोपंत, तसे लिहा.

सबब कलम पहिले रद्द. त्याऐवजी असे की, देवास येथील सदर घर, थोरल्या पातीतली ओसरी व दुकान आणि धाकट्या पातीतली चूल, आड व परसदार यांसह, सीताबाई भ्रतार विठोजी खटावकर हिने आपल्या कमाईने आठशे सत्तेचाळीस रुपये भरून सोडवले आहे. ते तिचे आहे. ते मी देत नाही, कारण ते माझे नाही. उद्या दोन स्टांप घेऊन दोन्ही कचेऱ्यांत खरेदीखत नोंदवून देईन, आणि तोवर मी मेलो तर हाच कागद कबुली समजावा. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत मी घरमालक होतो. मला पुरे झाले.

शेवटी मोरोपंतांनी विचारले, सहीखाली राहण्याचा पत्ता काय लिहू? मी म्हटले, "सीतेच्या घरी, लिहा."

आतून आवाज आला, "'आपल्या घरी' लिहा, काका."

"आपल्या म्हणजे कोणाच्या, बाई? कागदात एकाचं नाव लागतं."

"नाव वर लिहिलंय न माझं? मग खाली 'आपल्या' लिहा."

मी मान हलवली आणि सहीसाठी बोरू हातात घेतला.

मुक्काम देवास, मिती ज्येष्ठ शुद्ध पंचमी, मंगळवार, शके १८३४, तारीख २१ मे १९१२.

साक्ष: विश्वासराव मोहिते, थोरली पाती.
साक्ष: तात्यासाहेब सुर्वे, धाकटी पाती.
हस्ताक्षर मोरोपंत कारकून यांचे. सांगितले तसे लिहिले, हसणे वगळून.

सही: शालिग्राम बिन मल्हारजी खटावकर,
राहणार देवास, आपल्या घरी.