भामाबाई स्थानक

३ ऑगस्ट २०२५, लातूर

कथा संपली! दिवसभर क्लासमध्ये फिजिक्स शिकवून घसा बसायचा, तरी रोज दोन पानं रेटली. हजारो वर्षांनंतर ताऱ्यांमध्ये हिंडणाऱ्या माणसांना पृथ्वीभोवती फिरणारं एक जुनाट स्थानक सापडतं. कुणी बांधलं, कोण राहिलं — काही नोंद नाही. फक्त स्वयंपाकघरात एक स्टीलचा डबा, त्यावर मशीनने घातलेलं नाव : 'सप्रेम भेट — भामाबाई केरबा, मुखेड'. मग ती माणसं स्थानकालाच भामाबाई म्हणू लागतात.

आईला सांगितलं. मजुरी करून तिने प्रत्येक भाचीच्या लग्नात डबा दिलाय, नाव घालून. तिचं नाव लिहिलेलं असं तेवढंच. तिला अक्षर येत नाही.

"माझं नाव? वर आभाळात?" हसली. "छापून आलं की वाचून दाखीव बरं."

२१ ऑगस्ट

नांदेडहून दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. राजशेखर सर. कथा फार आवडली म्हणे! पण — "मॅडम, अंतराळात भामाबाई? वाचक हसतील. काही तरी वैश्विक ठेवा. गार्गी वगैरे. तसलं नाव आलं की विषय भलतीकडेच जातो."

भलतीकडे म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. कळलं मला. गार्गी वैश्विक, आणि आमच्या घरातलं नाव तसलं!

२२ ऑगस्ट

बदललं. अठरा ठिकाणी. मुखेडही काढलं. विहारात स्वाभिमानावर भाषण ठोकणारी मीच ना ती? थू!

१२ ऑक्टोबर

अंक आला. आई हात धुऊन समोर बसली. "वाच." वाचलं. गार्गी आलं की भामाबाई म्हणत गेले. एकदाही अडखळले नाही. वर्षानुवर्षं शिकवून एवढी सफाई तरी आलीये! आई डोळे मिटून ऐकत होती. नंतर अंक घेऊन शेजारच्या महानंदाताईंना दाखवून आली.

मी मनाशी म्हटलं, तिला कुठे कळणार आहे. आणि मग स्वतःचीच किळस आली. राजशेखर सरांत आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

१३ ऑक्टोबर

पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच केलं.

१६ ऑक्टोबर

आज तिसऱ्यांदा. शेवटपर्यंत ऐकलं तिने. मग अंक माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं — "गा… र्गी… स्था… न… क."

वर्षभर ती विहारातल्या बायकांबरोबर लिहा-वाचायला शिकत होती. मला पत्ता नाही!

"नाव काढलं त्याचं काई न्हाई, रेणू," म्हणाली. "तू सांगशील म्हणून तीनदा ऐकलं."